विहिरीचे पाणी, क्लोरीनयुक्त रसायने आणि जिवाणूंचे काम

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिवाणू हा शब्द आपल्याला आता नवा राहिलेला नाही. सोयाबीन, तूर, हरभरा पेरण्यापूर्वी आपण बियाण्यास रायझोबियम संवर्धन चोळतो. ज्वारी, बाजरीला ॲझोटोबॅक्टर लावतो. गोबरगॅसच्या टाकीत शेणाचा वायू होतो, तेही जिवाणूंचेच काम. त्यामुळे मेळाव्यात हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, आमच्या शिवारातील विहिरींत रसायनाचे पाणी उतरले आहे. विहिरीत सोडायला एखादे जिवाणू संवर्धन मिळेल का?"

प्रश्न चुकीचा नाही. भूजलातील काही अत्यंत चिवट रसायने जिवाणूंच्या साहाय्याने नष्ट करता येतात, हे प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष जमिनीतही सिद्ध झाले आहे. परंतु हे काम बाटलीतील औषध विहिरीत ओतण्याइतके सोपे नाही. ते अर्धवट झाले तर पहिल्यापेक्षा जास्त घातक विष पाण्यात तयार होते. म्हणून हे जिवाणू काय करतात, त्यांना काय लागते आणि आपल्या हातात नेमके काय आहे, हे आज क्रमाने पाहू.

क्लोरीनयुक्त रसायने म्हणजे कोणती?

प्रथम एक गैरसमज दूर करू. ग्रामपंचायत पिण्याच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकते. तिच्यातील क्लोरीन रोगजंतू मारतो आणि थोड्या वेळात त्याचा जोर संपतो. आज आपण त्याबद्दल बोलत नाही. आपला विषय आहे तो कार्बनला क्लोरीन घट्ट जोडून तयार केलेल्या रसायनांचा. निसर्गात अशी जोडणी कमी आढळते. त्यामुळे बहुतेक जिवाणूंना ती तोडता येत नाही आणि ही रसायने वर्षानुवर्षे टिकून राहतात.

यांपैकी एक रसायन आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. बी.एच.सी. भुकटी. नाकतोडे, हुमणी, वाळवी यांसाठी ती एके काळी पोत्यांनी वापरली गेली. भारतात १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. तिच्यातील कीड मारणारा भाग म्हणजे लिंडेन. त्याचा वापर २०१३ पासून बंद झाला.

दुसरा गट कारखान्यांतील द्रावकांचा. यंत्रांच्या सुट्या भागांवरील तेल व ग्रीस धुण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात. कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगसाठी टेट्राक्लोरोइथिलीन वापरतात. ही दोन्ही पाण्यासारखी पातळ, रंगहीन आणि सहज उडून जाणारी द्रव्ये आहेत. भूजलाच्या दृष्टीने हाच गट सर्वांत त्रासदायक ठरला आहे. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये काढला.

भूजलात ही द्रव्ये कशी वागतात?

डिझेल सांडले तर पाण्यावर तरंगते. ट्रायक्लोरोइथिलीनचे उलट आहे. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते. जमिनीवर सांडलेले द्रव्य मुरमातून खाली जाते, पाण्याची पातळी गाठते आणि तिथे न थांबता पाण्यातून आणखी खाली उतरते. कठीण थर लागला की त्यावर साचते. खडकाच्या भेगांत, सांध्यांत अडकून बसते. तेथून ते थोडे थोडे पाण्यात विरघळत राहते. वरून उपसा करून पाणी काढले की काही दिवस पाणी बरे वाटते. उपसा थांबला की भेगांत अडकलेले द्रव्य पुन्हा विरघळते.

थोड्या द्रव्याने किती पाणी बिघडते, याचा हिशोब करू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा दर लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एक लिटर द्रव्याचे वजन सुमारे १.४६ किलो भरते. ते सगळे विरघळले तर सुमारे २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दहा मीटर पाणी असेल तर ते सुमारे २ लाख ८० हजार लिटर होते. म्हणजे एका लिटरच्या बाटलीत अशा हजारभर विहिरी बिघडविण्याची ताकद आहे. इतक्या कमी प्रमाणात वास येत नाही, रंग बदलत नाही, चवही कळत नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि काळा पाषाण असे थर आपण विहीर खोदताना पाहतो. काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच वाहते. भेग कोणत्या दिशेने जाते ते वरून दिसत नाही. म्हणून एका विहिरीत रसायन सापडते, शेजारची कोरी असते आणि पलीकडच्या शिवारातील बोअरला पुन्हा रसायन लागते.

मातीने दाखवलेली वाट

अशी रसायने जिवाणू तोडू शकतात, याची एक खूण शेतातच मिळाली आहे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात बी.एच.सी.वर प्रयोग झाले. पाणी साचलेल्या भातखाचरातील मातीत बी.एच.सी. लवकर नाहीसे होते, पण तीच माती आधी निर्जंतुक केली तर ते टिकून राहते, असे आढळले. म्हणजे काम मातीतील जिवाणूंचे होते. चिखलात हवा नसते आणि बिनहवेच्या जागी राहणारे जिवाणू हे रसायन तोडत होते.

पुढे १९९० मध्ये कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उसाच्या मुळांजवळच्या मातीतून आणखी एक जिवाणू वेगळा केला. तो हवेच्या सान्निध्यात बी.एच.सी.चे विघटन करीत होता. जपानमध्येही वर्षानुवर्षे लिंडेन पडलेल्या शेतातून असाच जिवाणू मिळाला. जिथे हे रसायन वारंवार पडत होते, तिथे ते खाऊन जगणारे जिवाणू वाढले होते.

याचा अर्थ माती सगळे विष आपोआप पचवते असा घेऊ नये. बी.एच.सी.चा बीटा नावाचा प्रकार फार चिवट असतो आणि मागे उरतो. परंतु क्लोरीनची गाठ सोडविणारे जिवाणू निसर्गात आहेत, एवढे यातून निश्चित झाले. प्रश्न राहिला खोल भूजलातील द्रावकांचा.

क्लोरीनवर श्वास घेणारा जिवाणू

आपण अन्न खातो आणि ते पचविण्यासाठी हवेतील प्राणवायू घेतो. हवा नसलेल्या जागी राहणारे जिवाणू प्राणवायूऐवजी दुसरे काही वापरतात. कोणी नायट्रेट वापरतो, कोणी लोह, कोणी सल्फेट. पाणी तुंबलेल्या शेतात दिलेला युरिया वाया जातो, त्याचे एक कारण हेच. युरियापासून झालेले नायट्रेट हे जिवाणू श्वासासाठी वापरतात आणि नत्र हवेत उडून जातो.

काही थोडे जिवाणू याच पद्धतीने क्लोरीनयुक्त द्रावक वापरतात. त्यांचे अन्न असते हायड्रोजन. ते द्रावकातील क्लोरीनचा एक अणू काढतात आणि त्या जागी हायड्रोजन बसवतात. सुटलेला क्लोरीन क्लोराइडच्या रूपात पाण्यात जातो. आपल्या मिठात असते तेच हे क्लोराइड.

हे काम पायरी-पायरीने चालते. टेट्राक्लोरोइथिलीनमध्ये क्लोरीनचे चार अणू असतात. एक काढला की ट्रायक्लोरोइथिलीन, दुसरा काढला की डायक्लोरोइथिलीन, तिसरा काढला की व्हिनाइल क्लोराइड आणि चौथा काढला की इथिलीन. इथिलीन आपल्या ओळखीचा आहे. केळी आणि आंबा पिकविणारा वायू तो हाच. इथपर्यंत काम पोहोचले की विषाचा प्रश्न मिटला.

धोका तिसऱ्या पायरीवर आहे. व्हिनाइल क्लोराइड हे माणसात यकृताचा कर्करोग घडविणारे सिद्ध झालेले द्रव्य आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीनपेक्षाही कडक आहे. पहिल्या दोन पायऱ्या उतरणारे जिवाणू बरेच आहेत. शेवटपर्यंत उतरणारे फार थोडे. काम मध्येच थांबले तर मूळ रसायन कमी झाल्याचे अहवालात दिसते, पण पाणी अधिक घातक झालेले असते.

शेवटपर्यंत उतरणारा जिवाणू अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात मिळविला आणि १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो सापडला इथाका गावच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळात. गोबरगॅसच्या टाकीत असते तशीच ही बिनहवेची, कुजण्याची जागा. त्याचे नाव डेहॅलोकोकॉइडिस. या विषयात आयुष्य घालविलेले स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक पेरी मॅकार्टी यांच्या सन्मानार्थ २०१३ मध्ये त्याला डेहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी असे नाव देण्यात आले.

हा जिवाणू आकाराने अतिशय लहान असतो. हवा लागली की निकामी होतो. त्याची वाढ सावकाश होते. हायड्रोजन आणि क्लोरीनयुक्त द्रव्य यांशिवाय त्याचे भागत नाही. हायड्रोजन तो स्वतः तयार करू शकत नाही. साखर, आम्ल, तेल असे पदार्थ आंबविणारे इतर जिवाणू तो तयार करतात. म्हणजे काम एकट्याचे नसून पंगतीचे आहे.

बेसाल्टमधील एक विहीर

आता प्रत्यक्ष जमिनीवर हे कसे झाले ते पाहू. यासाठी मी अमेरिकेतील आयडाहो राज्याचे उदाहरण निवडले आहे, कारण तेथील खडक आपल्यासारखा बेसाल्ट आहे. स्नेक नदीच्या खोऱ्यात लाव्ह्याचे थरावर थर साचले आहेत आणि त्यांच्या भेगांत भूजलाचा मोठा साठा आहे. आयडाहोचा प्रसिद्ध बटाटा याच पाण्यावर पिकतो.

या खोऱ्यात सरकारी अणुसंशोधन केंद्र आहे. त्याच्या टेस्ट एरिया नॉर्थ या भागात १९५० च्या दशकापासून १९७२ पर्यंत सांडपाणी, औद्योगिक द्रव आणि ट्रायक्लोरोइथिलीन मिसळलेला गाळ एका सुमारे ३०० फूट खोल विहिरीत सोडला जात होता. दूषित पाणी खोल गेले म्हणजे प्रश्न मिटला, अशी त्या काळची समजूत होती. १९८७ मध्ये त्याच आवारातील पिण्याच्या पाण्याच्या विहिरींत ट्रायक्लोरोइथिलीन आढळले. पुढील तपासणीत दूषित पाण्याचा पट्टा सुमारे तीन किलोमीटर लांब गेल्याचे दिसले.

१९९५ मध्ये ठरलेला उपाय होता पाणी उपसून वर शुद्ध करण्याचा. परंतु भेगांत अडकलेल्या गाळातून रसायन पाण्यात उतरतच होते. म्हणून जानेवारी १९९९ पासून त्याच जुन्या विहिरीतून सोडियम लॅक्टेटचे द्रावण खाली सोडण्यास सुरुवात झाली. दह्याला आंबटपणा आणणाऱ्या आम्लापासून बनलेला हा क्षार आहे. त्यामागचा विचार असा होता की खडकात जिवाणू असतीलच, त्यांना अन्न देऊन पाहावे.

तसेच घडले. लॅक्टेट आंबले, पाण्यातील प्राणवायू संपला, मग नायट्रेट संपले, लोह आणि सल्फेटची पाळी आली. त्यानंतर क्लोरीन काढणाऱ्या जिवाणूंचे काम सुरू झाले. विहिरीलगतच्या निरीक्षण विहिरींत ट्रायक्लोरोइथिलीन घटत गेले आणि इथिलीन वाढत गेले. पायरी मध्ये अडली नाही, कारण शेवटपर्यंत उतरणारा जिवाणू त्या खडकात मुळातच होता. पुढे लॅक्टेटऐवजी चीज करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी वापरली गेली. ती स्वस्त पडते, आणि अडकलेले रसायन पाण्यात उतरविण्यासही तिने मदत केली.

हे वाचून आनंद होतो, पण याच उदाहरणातील पुढचा आकडाही ध्यानात घ्यावा. संपूर्ण पट्ट्यातील पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी ठरविलेली मुदत २०९५ साल ही आहे. विहिरीलगतच्या सर्वांत दूषित भागात जिवाणूंना अन्न दिले जाते. मधल्या भागासाठी पाणी उपसून शुद्ध करण्याची योजना ठेवली. लांबच्या भागात निसर्गतः होणारी घट मोजत राहायची, असे ठरले. काही वर्षे एका विहिरीत द्रव ओतले, त्याचे निवारण शंभर वर्षांच्या हिशोबाने करावे लागत आहे. तेही सरकारी खर्चाने, निरीक्षण विहिरींचे जाळे टाकून आणि वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने तपासून.

योग्य जात नसेल तर

आयडाहोत योग्य जिवाणू जमिनीत होता. सर्वत्र तसे नसते. डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील हवाई दलाच्या तळावर १९९६ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला. तेथेही ट्रायक्लोरोइथिलीन होते आणि तेथेही लॅक्टेट दिले. ट्रायक्लोरोइथिलीनचे डायक्लोरोइथिलीन झाले आणि काम तिथेच थांबले. सुमारे नऊ महिने वाट पाहूनही पुढची पायरी आली नाही. अन्न होते, बिनहवेची जागा होती, पण शेवटच्या पायऱ्या उतरणारा जिवाणूच नव्हता.

मग २६९ व्या दिवशी फ्लोरिडातील दुसऱ्या एका दूषित जागेवरून घेऊन वाढविलेले जिवाणूंचे मिश्रण जमिनीत सोडण्यात आले. त्यानंतरही सुमारे तीन महिने काहीच दिसले नाही. नंतर व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन दिसू लागले आणि ५०९ व्या दिवसापर्यंत तेथील द्रावकाचे इथिलीनमध्ये पूर्ण रूपांतर झाले.

आपल्याला यात नवल वाटू नये. सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. ज्या शेतात सोयाबीन प्रथमच घेतले, तिथे संवर्धन न लावता पेरले तर मुळांवर गाठी नीट येत नाहीत. पीक, जमीन, हवामान सगळे असून योग्य जात नसेल तर काम अडते. भूजलातही नियम तोच आहे.

मग विहिरीत संवर्धन का ओतू नये?

पुष्कळदा दुकानात किंवा जाहिरातीत "विहिरीचे पाणी शुद्ध करणारे जिवाणू" म्हणून द्रव विकला जातो. काही जण तर स्वतःच मळी किंवा गूळ-ताक विहिरीत ओतण्याचा विचार करतात. हे का करू नये, याची कारणे सांगतो.

उघड्या विहिरीत हवा असते. क्लोरीन काढणारा जिवाणू हवेत टिकत नाही. तसेच रसायन विहिरीच्या पाण्यात थोडे आणि सभोवतीच्या खडकाच्या भेगांत जास्त असते. विहिरीतले पाणी शुद्ध केले तरी झरा तेच रसायन पुन्हा आणून सोडणार.

आपल्याकडील बऱ्याच विहिरींत खतांमुळे नायट्रेट भरपूर असते. अन्न दिले की प्रथम प्राणवायू व नायट्रेट वापरणारे जिवाणू ते खाऊन टाकतात. क्लोरीनची पाळी येईपर्यंत पुष्कळ अन्न लागते. जास्त अन्न दिले तर आम्ल साचते आणि सामू ६ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात. शिवाय पाणी कुजके होते, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, खडकातील लोह व मँगनीज पाण्यात उतरतात आणि मिथेन वायू तयार होतो. असे पाणी माणसाला, जनावराला आणि ठिबकच्या तोट्यांनाही चालत नाही. ज्या विहिरीत कुजकट वायू साचला असेल, तिच्यात गाळ काढण्यासाठी उतरणे जिवावर बेतू शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम मध्येच थांबले आणि व्हिनाइल क्लोराइड तयार झाले तर ते आपल्याला कळणार नाही. म्हणून हे काम भूगर्भतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांनी मिळून, निरीक्षण विहिरी घेऊनच करावयाचे आहे. मळी, निवळी, सोयाबीन तेल हे पदार्थ आपल्या भागात मुबलक आहेत. परदेशात हेच पदार्थ या कामासाठी वापरले जातात. त्यामुळे योग्य हाती हे तंत्र आपल्याकडेही उपयोगी पडेल. पण ते प्रदूषण करणाऱ्याच्या खर्चाने आणि शासकीय देखरेखीखाली झाले पाहिजे. शेतकऱ्याने स्वतःच्या विहिरीवर प्रयोग करून नव्हे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. बंद पडलेले बोअर उघडे ठेवू नये. कोरडे बोअर म्हणजे रसायनाला थेट भूजलात नेणारी नळी आहे. त्यावर पक्के झाकण बसवावे. कायमचे बंद करावयाचे असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सल्ल्याने शास्त्रीय पद्धतीने बुजवावे. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हे आवश्यक आहे.

२. पैशाच्या मोबदल्यात आपल्या शेतात, नाल्यात, पडीक विहिरीत किंवा बोअरमध्ये कोणाचेही टँकरचे सांडपाणी ओतू देऊ नये. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार विहिरीत किंवा जमिनीवर विषारी द्रव्य सोडण्यास मनाई आहे. टँकरचे भाडे एकदाच मिळते. पाणी मात्र पुढच्या पिढीचेही बिघडते. आयडाहोची विहीर डोळ्यांसमोर ठेवावी.

३. ट्रॅक्टर, इंजिन, पंपाचे सुटे भाग विहिरीच्या काठावर रसायनाने धुऊ नयेत. उरलेले द्रावक, रंग, थिनर मातीत ओतू नये. फवारणी पंप विहिरीपासून दूर धुवावा. घरात बंदी आलेली जुनी भुकटी शिल्लक असेल तर ती पुरू नये, जाळू नये, विहिरीत टाकू नये. कोरड्या जागी कुलपात ठेवून कृषि विभागास कळवावे.

४. औद्योगिक वसाहतीच्या जवळ विहीर असल्यास नेहमीच्या तपासणीवर विसंबू नये. सामू, क्षारता आणि सोडियमचे प्रमाण तपासणाऱ्या नेहमीच्या अहवालात ही द्रव्ये दिसत नाहीत. उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांची तपासणी वेगळी असते, तशी स्पष्ट मागणी करावी. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून एस.टी.ने पाठविलेल्या नमुन्याचा उपयोग नाही. प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या छोट्या बाटलीत हवेचा बुडबुडाही न राहता पाणी भरावे लागते आणि बर्फात ठेवून लवकर पोहोचवावे लागते. शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच नमुना घ्यावा.

५. तपासणीत रसायन आढळल्यास ते पाणी पिण्यास, स्वयंपाकास आणि जनावरांना देणे ताबडतोब थांबवावे. उकळणे हा उपाय नाही. ही रसायने वाफेबरोबर उडतात आणि बंद स्वयंपाकघरात श्वासावाटे आत जातात. टी.सी.एल. पावडरनेही ती जात नाहीत.

६. पाणी बिघडले म्हणून तेच बोअर आणखी खोल करू नये. जड रसायनाला खाली उतरण्यास नवी वाट मिळते आणि खालचा चांगला थरही बिघडतो.

७. तक्रार एकट्याने न करता गावाने मिळून करावी. शिवारातील विहिरींचा साधा नकाशा काढावा. प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी, वास किंवा रंग पहिल्यांदा कधी जाणवला ती तारीख वहीत लिहावी. ग्रामसभेचा ठराव जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी. शुद्धीकरण करावयाची वेळ आली, तर रसायन कोठून येते आणि कोणत्या दिशेने सरकते हे शोधताना तज्ज्ञांना ही वही फार उपयोगी पडेल.

८. कोणी जिवाणूंद्वारे भूजल शुद्ध करून देण्याचा प्रस्ताव आणला तर तीन प्रश्न विचारावेत. व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन दोन्ही मोजणार का? निरीक्षण विहिरी किती आणि कोठे? काम संपल्यावर किती वर्षे तपासणी चालू ठेवणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय संमती देऊ नये.

शेवटी

बंधू-भगिनींनो, माणसाने तयार केलेले आणि कित्येक वर्षे न मोडणारे रसायन मोडणारा जिवाणू सांडपाण्याच्या गाळात सापडला. तसाच भातखाचराच्या चिखलात सापडला आणि उसाच्या मुळाशीही सापडला. यावरून जमिनीतील सूक्ष्म जीवसृष्टीची ताकद लक्षात येते. त्या ताकदीवर विश्वास जरूर ठेवावा. पण ती सावकाश काम करते, तिला तिच्या अटी लागतात आणि आपण रोज नवे विष ओतत राहिलो तर तिचेही काही चालत नाही.

आज गावी गेल्यावर एक काम करा. आपल्या शेतातील आणि बांधाशेजारील बंद बोअर मोजा. त्यांपैकी किती उघडे आहेत ते पाहा. जे उघडे असेल त्यावर या आठवड्यात झाकण बसवा. एका झाकणाचा खर्च फारसा नाही. भूजल बिघडल्यानंतर ते सुधारण्याचा खर्च मात्र कोणत्याही एका शेतकऱ्याला पेलणारा नाही.

 जय जवान, जय किसान.